पोवळं जंगलात, गदा ओंडक्यावर!

पोवळं फक्त समुद्रात आणि ज्योतिषाने सांगितलेल्या अंगठीतच असतं असं वाटतं? चूक! पावसाळ्यात ते जमिनीतूनही उगवतं. ही प्रवाळ-अळंबी. छत्री नाही, छत्रीखालचे पडदे नाहीत, नुसत्या फांद्या. बीजाणूही फांद्यांच्या अंगावरच. भर पावसात बिनछत्रीची!

फांद्या नसून नुसता वर फुगलेला दांडा असेल, तर गदा. 'क्लॅव्हेरिया' या नावातली लॅटिन 'क्लाव्हा' म्हणजेही गदाच. बोला बजरंगबली की...!

आता चला भिवंडीजवळच्या पूर्णा गावाला. गोदामं, कंटेनर, ट्रॅफिक. इथे कुठली अळंबी? अहो, काही अळंब्यांना जंगल नाही, कुजकं लाकूड लागतं. पावसात पडून राहिलेल्या पॅलेटवर नारिंगी जेलीचे चमचे दिसले, तर ती डॅक्रिओपिनॅक्स असू शकते. उष्ण प्रदेशात सडक्या लाकडाची ही जुनी भाडेकरू. आणि माहीत आहे का? हिच्यापासून काढलेला पदार्थ शीतपेयं खराब होऊ नयेत म्हणून वापरतात. युरोपातला त्याचा कोड: ई २४६. लाकूड सडवणारीच बाटलीची वॉचमन!

झटपट टेस्ट: रबरासारखी वाकली तर जेलीवाली, कटकन मोडली तर क्लॅव्हेरियाचा संशय घ्या.

बुंध्याशी मातीतून काळी, जाडसर बोटं वर आलीत? डोन्ट पॅनिक! ही झायलेरिया. हिच्या सर्वांत गाजलेल्या जातीला इंग्रज 'मेलेल्याची बोटं' म्हणतात. शास्त्रीय नाव पॉलिमॉर्फा, म्हणजे चक्क बहुरूपी. कोवळेपणी फिकट राखाडी, मग काळीकुट्ट, कापली तर आत पांढरी. नातं विचाराल तर प्रवाळ-अळंबीपेक्षा पावातल्या यीस्टशी जवळचं. दिसण्यावर जाल तर फसाल.

फसण्याची किंमत? जपानची लालभडक 'अग्निप्रवाळ'. १९९९ मध्ये ती साके या दारूत भिजवून प्यायलेला एक जण दगावला. २०१९ मध्ये ती ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळही सापडली. तेव्हा फोटो काढा, रस्सा नको.

आणि जूनमध्ये ठाणे-भिवंडीकडच्या बाजारात आदिवासी बाया गदेसारख्या दांड्यांच्या जुड्या मांडतात, ती कुठली अळंबी? कुठलीच नाही! ती शेवळं, सुरणाच्या घरातली. घसा खाजतो, म्हणून भाजीत आंबट काकडं हवीतच. जुडी उचललीत? मग शेजारचा काकडांचा वाटाही घ्या.