आसनपट्ट्यांतील दोष आणि वाहनधारकांच्या तक्रारीचे मूल्य

नव्या वाहनाच्या आद्य नमुन्याची कसोटी घेण्यास पात्र अशा संस्थांची नावे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमात दिलेली आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील, अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना ही त्यांपैकी एक होय. अशी कसोटी नमुन्याची होते, प्रत्येक गाडीची नव्हे. उत्पादनाची पुढे वेळोवेळी तपासणी होते हे खरे. तथापि नमुना व विकली गेलेली गाडी यांमधील अंतरात जे दोष शिरतात, ते बहुधा प्रथम मालकाच्याच अनुभवास येतात. म्हणूनच त्याच्या तक्रारीला शास्त्रीय व कायदेशीर असे दुहेरी मूल्य आहे. आसनपट्टा, म्हणजेच नित्य व्यवहारातील सीट बेल्ट, हे याचे उद्‌बोधक उदाहरण म्हणून घेता येईल.

पट्ट्याची रचना वरकरणी साधी आहे. विणलेली फीत, ती गुंडाळून घेणारे रीळ, बक्कल आणि गाडीच्या सांगाड्यास जखडणारे आधार हे तिचे चार घटक होत. रिळाने एरवी फीत मोकळी सोडावी आणि वेग एकाएकी घटताच ती जागच्या जागी धरावी, अशी अपेक्षा असते. संयुक्त राष्ट्रांच्या १६ व्या वाहन-नियमानुसार, प्रचलित प्रकारच्या रिळाने गुरुत्वत्वरणाच्या ०.४५ पट मंदन होताच फीत धरली पाहिजे. मात्र ते १२ अंश वा त्याहून कमी कलल्यास ती धरता कामा नये, आणि २७ अंशांहून अधिक कलल्यास धरलीच पाहिजे. याखेरीज रिळास धुळीच्या पेटीत ठेवून आणि फितीस प्रकाश, उष्णता, थंडी व पाणी यांच्या परिणामांतून नेऊन त्यांची परीक्षा घेतली जाते.

या मोजमापांच्या आधारे तक्रारींची वर्गवारी करता येते. पट्टा झटक्याने ओढला असता अडकतो, हा दोष नसून यंत्रणेचा धर्मच आहे. परंतु करंजी घाटासारख्या चढावर उभ्या केलेल्या गाडीत, सावकाश ओढूनही तो बाहेर येत नसेल, तर शंकेस जागा आहे. कारण १२ अंश म्हणजे जवळजवळ पाचास एक असा चढ, आणि घाटरस्त्यांचा चढ सहसा याहून पुष्कळ कमी असतो. फीत मंद गतीने परत जाणे हे पाथर्डी, जामखेड यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतील धुळीमुळेही संभवते. तेथे प्रथम स्वच्छता करून पाहणे योग्य. उलटपक्षी बक्कल न लागणे, लागूनही सुटणे किंवा न सुटणे, हे प्रत्यक्ष प्राणाशी संबद्ध असे दोष होत.

मालकांच्या तक्रारींतून काय निष्पन्न होऊ शकते, हे अमेरिकेतील १९९५ सालच्या प्रकरणावरून दिसते. जपानच्या टाकाटा कंपनीने बनविलेल्या बकलांची तांबडी प्लॅस्टिकची कळ उन्हातील अतिनील किरणांनी ठिसूळ होई, तिचे तुकडे बकलात पडत आणि ते नीट लागत वा सुटत नसे. तक्रारी साचत गेल्या, शासकीय चौकशी झाली आणि अनेक कंपन्यांच्या मिळून ८० लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

भारतात अशा सक्तीस कायद्याचा आधार मिळाला तो २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या ११०-अ या कलमामुळे. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. मालकांच्या ठरावीक प्रमाणातील तक्रारी, कसोटी-संस्थेचा अहवाल किंवा अन्य मार्गाने आलेली माहिती, यांपैकी कशावरूनही केंद्र शासन सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. वर्षाला १०,००० हून अधिक विक्री असलेल्या मोटारींच्या बाबतीत तक्रारींची ही संख्या १,२५० ठेवण्यात आली. उत्पादकाने दोष आपण होऊन कळविल्यास त्यास दंड होत नाही.

येथेच खरी अडचण उद्भवते. डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने पुढील पट्ट्यांच्या उंची-योजकातील संभाव्य दोषासाठी पाच प्रकारच्या मिळून ९,१२५ गाड्या परत बोलाविल्या. जानेवारी २०२३ मध्ये मागील पट्ट्यांच्या आधारातील संभाव्य दोषासाठी ग्रँड विटारा जातीच्या ११,१७७ गाड्या बोलाविल्या. दोन्ही वेळा पुढाकार उत्पादकाचा होता. आधाराचा कच्चेपणा नित्याच्या वापरात जाणवतोच असे नाही. तो अपघाताच्या क्षणी प्रकट होतो, आणि तेव्हा तक्रार करण्यास तक्रारदार उरेलच याची शाश्वती नसते. टाकाटाचा दोष बोटांना कळणारा होता, म्हणून त्याची संख्या मोजता आली. मुका दोष संख्येच्या कसोटीस कधीच उतरणार नाही.

तात्पर्य, तक्रारींची संख्या हा दोषाचा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. पट्टा न लावणाऱ्यास १९४-ब या कलमान्वये १,००० रुपये दंड आहे. नागरिकावर हे बंधन घालताना पट्टा आपले काम करील, हे शासनाने गृहीत धरलेले असते. ते गृहीत खरे राहावे यासाठी थोड्या परंतु नेमक्या तक्रारींचीही, विशेषतः वाहनाचा प्रकार, उत्पादनाचा महिना, सदोष घटक व परिस्थिती नोंदविणाऱ्या तक्रारींची, कसोटी-संस्थांकडून तांत्रिक छाननी होणे अगत्याचे आहे. कलम ११०-अ मध्ये त्यास वाव आहे. आवश्यकता आहे ती त्याचा उपयोग करण्याची.