बोटीची सहल आणि हक्काची रजा

पिंगुळीसारख्या समुद्राची गाज ऐकू न येणाऱ्या गावात आम्ही बोटीच्या सहलीवर बोलायला उभे राहिलो, तेव्हा पुढच्या रांगेत हसू उमटले. जन्मभर संपाच्या नोटिसा आणि बोनसचे हिशेब मांडणाऱ्या माणसाला हा श्रीमंती विषय कुठून सुचला, असे त्या हसण्यात होते. शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सुटी ही कोणी मेहरबानीने दिलेली वस्तू नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने वर्षात 240 दिवस भरणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजेचा हक्क दिला. रजा तर मिळाली. पण ती घालवावी कशी, हे आम्हांला कोणी शिकवले नाही. ती बहुधा लग्नकार्यात, नाहीतर घराची कौले चाळण्यात संपते. म्हणून रजेचा चांगला उपयोग हाही आम्ही कामगार शिक्षणाचाच भाग समजतो.

दुसरे असे की बोट आपल्याला परकी नाही. आमच्या वडिलांच्या पिढीचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसे. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीला जाई. पुष्कळ बंदरांत ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, पेट्या, फणस सारे पडावात उतरत. पावसाळ्याचे चार महिने बोट बंद. ते बोटीचे दिवस केव्हाच सरले. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि कुडाळ स्टेशन आपल्याला हाकेच्या अंतरावर आले. 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई ते गोवा अशी ‘आंग्रिया’ बोट निघाली. तीही फार काळ चालली नाही. पण 2021 पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करणाऱ्या मोठ्या पर्यटन बोटी निघू लागल्या. फरक इतकाच की पूर्वी बोट पोचण्यासाठी होती, आता बोटीवर राहणे हीच सहल.

अशा सहलीला आमच्या युनियनमधील चौदा जण गेलो. दोन वर्षे दरमहा पाचशे रुपये बाजूला टाकले होते. त्या अनुभवातून जे शिकलो, ते सांगतो.

पिंगुळीचा चित्रकथीकार खेळ मांडण्याआधी आपली पोथी, म्हणजे चित्रांची चवड, क्रमाने लावून घेतो. ऐन कथेत चित्र शोधत बसला तर रामायण तिथेच थांबेल. सहलीचेही तसेच आहे. पहिले चित्र पैशाचे. जाहिरातीतला आकडा बहुधा एका खोलीत दोघे राहणार असे धरून दरमाणशी दिलेला असतो. एकट्याने गेलात तर जास्त पडते. त्यावर बंदराचे शुल्क, सरकारी कर आणि सेवेचा आकार चढतो. किनाऱ्यावरची सहल, पेये, इंटरनेट, फोटो यांचे पैसे पुष्कळदा निराळे. आम्हांला एका दलालाने ‘सगळे यात आले’ असे तोंडी सांगितले होते. बोटीवर पाय ठेवल्यावर कळले की ‘सगळे’ या शब्दाचा त्याचा अर्थ निराळा होता. जन्मभर मालकांशी लेखी करार करणारे आम्ही, दलालाच्या शब्दावर फसलो! तेव्हा काय मिळणार, काय नाही, आणि जाणे रद्द झाले तर किती पैसे परत येणार, हे कागदावर घ्या. खर्चाचा जो अंदाज येईल त्यात चौथा हिस्सा मिळवून मगच पैसे भरा.

दुसरे चित्र खोलीचे. सर्वांत स्वस्त खोली आतली, बिनखिडकीची; त्याहून महाग खिडकीची; त्याहून सज्जाची. आमचे मत विचाराल तर आतली खोली घ्या. झोपायला अंधार चांगला, आणि समुद्र पाहायला डेक सर्वांना फुकट आहे. मात्र ज्याला बंद जागेत जीव घाबरतो त्याने खिडकीचे पैसे खुशाल द्यावेत.

तिसरे चित्र काळाचे. आपल्या किनाऱ्याला नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र बहुधा शांत असतो. निघण्याच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा. कुडाळहून रात्रीच्या गाडीने निघून त्याच दुपारी बोट धरू म्हणणारा माणूस गाडी उशिरा आली की धक्क्यावर उभा राहून बोटीचा धूर पाहतो. बोट कोणासाठी थांबत नाही. वाटेतल्या बंदरात उतरलात तरी दिलेल्या वेळेच्या तासभर आधी परत या, आणि मनगटावरचे घड्याळ बोटीच्या घड्याळाशी जुळवून ठेवा. फेरी मुरगावला संपणारी मिळाली तर उत्तम. तिथून पिंगुळी मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ.

सामानाचे थोडक्यात. मोठी बॅग धक्क्यावर देऊन टाकावी लागते आणि ती खोलीवर यायला वेळ लागतो. म्हणून ओळखपत्र, औषधे, चष्मा आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री घरी ठेवा. आगीच्या भीतीने ती बोटीवर चालत नाही. बोट परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट लागतो. समुद्रात फोन बोटीच्या जाळ्याला लागला तर बिल डोळे पांढरे करते, म्हणून त्याचे संदेशवहन बंद करून ठेवावे.

आता ‘बोट लागणे’. हा शब्द मराठीला किनाऱ्यानेच दिला. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कानातला तोल सांगतो आपण हलतो आहोत. या भांडणात पोट मध्ये सापडते. म्हणून खोली निवडताना बोटीच्या लांबीचा मध्य आणि खालचा मजला पाहा, तिथे हेलकावा कमी. मळमळू लागले की मोकळ्या हवेत येऊन दूर क्षितिजाकडे नजर लावा, पुस्तक मिटून ठेवा. पोट रिकामे ठेवू नका आणि ठासूनही भरू नका. सुके, हलके खा. आल्याचा तुकडा चघळल्याने पुष्कळांना बरे वाटते. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून आणि त्रास सुरू होण्याआधी. नंतर ती पोटात राहत नाही.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कारखान्यात आपण मस्टरवर सही करतो. बोटीवरही मस्टर असते, पण ते जीव वाचवण्याचे. प्रत्येक उतारूला संकटात जमायची जागा नेमून दिलेली असते. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज ऐकू आले की तिथे जायचे. ही कवायत चालली असता आमच्यातले दोघे चहाच्या रांगेत उभे होते. त्यांना आम्ही ‘रामदास’ची गोष्ट सांगितली. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला खबर लागायला कित्येक तास गेले. किनाऱ्यावरची कित्येक घरे त्या एका दिवसात उजाड झाली.

समुद्रावरचा प्रत्येक नियम असाच कोणाच्या तरी मरणाने लिहिला गेला आहे. 1912 साली ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे 2,200 माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा 1,178 जणांना. त्यावरून 1914 साली समुद्रावरील सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली, 32 जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची कवायत झालेली नव्हती. तेव्हापासून कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. म्हणून चहा मागाहून प्या. आमच्या त्या दोघांनी कप ठेवला आणि ते रांगेत आले.

आता आनंदाचे. बोटीवर दिवसभर खाणे, गाणे, खेळ चालू असतात. पैसे भरले आहेत म्हणून सगळेच वसूल करायला धावलात तर रजेतही ओव्हरटाइम होईल. दिवसातली एखादी गोष्ट निवडा आणि बाकी वेळ डेकवर बसा. रात्री दूरवर किनाऱ्याचे दिवे दिसले की ते कुठल्या बंदराचे असतील यावर पैज लावा. आमच्यातले एक निवृत्त फिटर एका दिव्याकडे पाहत कितीतरी वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ह्याच पाण्यातून माझा बाप ट्रंक घेऊन मुंबईक गेलो हुतो. तेका कोणी खुर्ची दिली नाय.” त्या वाक्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही.

खुर्ची देणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. तुमची खोली आवरणारा आणि ताट उचलणारा कामगार महिनोन् महिने घरापासून दूर असतो. जिनिव्हात 2006 साली झालेल्या सागरी कामगार कराराला भारताने 2015 साली मान्यता दिली. त्याने खलाशाला चोवीस तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77 तासांची विश्रांती ठरवून दिली आहे. आठवड्याचे 168 तास, उरले 91. आठ तासांच्या दिवसासाठी झगडलेल्या माणसाला हा आकडा बोचतो. तेव्हा त्याला नावाने हाक मारा, ‘ए पोऱ्या’ म्हणू नका. बक्षिसी देणार असाल तर ती सेवेच्या आकारात आधीच घेतली आहे का ते विचारा, आणि नसेल तर त्याच्या हातात द्या.

उतरताना आमच्या खोलीच्या पोऱ्याला — पाहा, आम्हीही चुकलो — आमच्या खोलीच्या कामगाराला आम्ही विचारले, “तुमची रजा केव्हा?” तो हसून म्हणाला, “करार संपला की.” तोवर आमच्या ट्रंका धक्क्यावर लागल्या होत्या. परत येऊन आम्ही पुढच्या सहलीसाठी पुन्हा दरमहा पाचशे टाकायला सुरुवात केली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर भेटावे. एकच अट आहे: कवायतीला सर्वांनी हजर राहायचे.