उंच मोटार, बुटकी मोटार आणि गुरुत्वमध्य

मोटारींचे वेड असलेली माणसे कशावरून भांडतील ह्याचा नेम नसतो. कोणी इंजिनाच्या आवाजावरून भांडतो, तर कोणी दिव्यांच्या आकारावरून. पण त्यांचे एक भांडण वीसहून अधिक वर्षे चालू आहे, आणि त्याच्या मुळाशी तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच पदार्थविज्ञान आहे. म्हणून आज आपण त्या भांडणात थोडे डोकावू. मी स्वतः स्कूटरवरून कॉलेजात जाणारा माणूस, त्यामुळे मी कोणत्याच पक्षाचा नाही!

भांडण कशाचे?

जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात पोर्शे नावाची मोटार कंपनी आहे. ह्या नावाची पहिली मोटार, ३५६, १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड ह्या लहानशा गावात तयार झाली. पुढे १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात कंपनीने आपली प्रसिद्ध ९११ लोकांपुढे ठेवली. ती बुटकी, हलकी आणि वेगवान होती. पुढे दोघांना बसायला चांगली जागा, तर मागे दोन पोरे कशीबशी मावतील एवढीच. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे! अशा मोटारीला स्पोर्ट्‌स कार म्हणतात.

१९९० नंतरच्या काही वर्षांत ह्या मोटारींची विक्री फार खाली आली आणि कंपनीचे काही खरे नाही असे लोक बोलू लागले. १९९६ मध्ये आलेल्या बॉक्स्टर ह्या स्पोर्ट्‌स कारने तिला सावरले. मग २००२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात कंपनीने कायेन नावाची मोटार आणली, आणि शौकिनांत खळबळ उडाली. कारण ही गाडी उंच होती, जड होती, पाच माणसांना सामानासकट नेणारी होती. अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात. तिचा सांगाडा फोक्सवॅगन कंपनीच्या सहकार्याने तयार झाला होता. २०१४ पासून मकान नावाची तिची धाकटी बहीणही रस्त्यावर आली.

एक पक्ष म्हणाला, "ही पोर्शे नव्हेच. नाव विकून खाल्ले!" दुसरा पक्ष म्हणाला, "हिच्या पैशावरच तुमची ९११ जगते आहे." २०२३ सालचे कंपनीचे आकडे पाहा. त्या वर्षी एकूण ३,२०,२२१ मोटारी ग्राहकांच्या हाती गेल्या. त्यांत कायेन आणि मकान मिळून १,७४,९०८, आणि ९११ फक्त ५०,१४६. म्हणजे दर शंभरांत सुमारे पंचावन्न उंच गाड्या आणि सोळा ९११. लाइपझिग येथील कारखान्यात तर कायेन आणि करेरा जीटी ही अत्यंत वेगवान स्पोर्ट्‌स कार एकाच आवारात तयार होत असत.

शौकिनांची अशी कुरकुर काही नवी नाही. १९७७ मध्ये कंपनीने इंजिन पुढे असलेली ९२८ काढली. ९११ बंद करून तिच्या जागी हीच चालवावी असा विचार होता. पण १९८१ मध्ये तो बेत सोडण्यात आला. १९९७ मध्ये नव्या ९११ चे इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले, तेव्हाही पुष्कळांनी नाके मुरडली. त्या वेळी विज्ञान कंपनीच्या बाजूचे होते, कारण पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेपेक्षा कितीतरी अधिक असते. पण कायेनच्या वेळी प्रश्न एखाद्या भागाचा नव्हता, गाडीच्या उंचीचा आणि वजनाचा होता. तिथे विज्ञान काय म्हणते?

काडेपेटीचा प्रयोग

एक भरलेली काडेपेटी, एक फळी आणि खरखरीत कापडाचा तुकडा घ्या. कापड फळीवर ताणून बसवा. आता काडेपेटी आडवी, म्हणजे चित्राची बाजू वर करून ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. काही वेळाने पेटी घसरेल, पण कोलमडणार नाही. आता तीच पेटी उभी करा. तिची जाड कड उताराच्या दिशेने असू द्या. पुन्हा फळी उचला. ह्या वेळी पेटी घसरण्याआधीच कोलमडेल.

हे कसे? प्रत्येक वस्तूचे सारे वजन जणू एका बिंदूत एकवटलेले आहे असे आपण मानतो. तो तिचा गुरुत्वमध्य. त्यातून सरळ खाली सोडलेला ओळंबा तळाच्या आत पडतो तोवर वस्तू उभी राहते, आणि बाहेर गेला की कोलमडते. उभी पेटी सुमारे ५ सेंटीमीटर उंच आणि दीड सेंटीमीटर जाड. तिचा ओळंबा फक्त १७ अंशांच्या उतारावरच तळाबाहेर जातो. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी खड्ड्यात चाक गेले की का कलंडते, ते आता तुमच्या ध्यानात येईल.

वळणावरचा हिशोब

मोटार वेगाने वळते तेव्हाही असेच घडते. तिला वळवणारे बल रस्त्याकडून, टायरच्या घर्षणातून मिळते. ते लागते जमिनीलगत, तर गुरुत्वमध्य असतो वर. त्यामुळे गाडीला वळणाच्या बाहेरच्या बाजूला उलथवू पाहणारा पीळ बसतो. गुरुत्वमध्य जितका उंच तितका पीळ मोठा. उलट चाकांमधले अंतर जितके जास्त, तितके गाडीचे वजन ह्या पिळाला अधिक विरोध करते.

ह्यासाठी एक सोपा भागाकार आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. बुटक्या मोटारीसाठी चाकांतील अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरू. उत्तर येते १.५. उंच गाडीसाठी १.६५ मीटर आणि ०.७ मीटर धरू. उत्तर येते सुमारे १.२. चांगल्या कोरड्या रस्त्यावर टायरचा घर्षणगुणांक एकच्या आसपास असतो. दोन्ही उत्तरे त्याहून मोठी आहेत, म्हणून दोन्ही गाड्या आडव्या काडेपेटीसारख्या आधी घसरतील. पण उंच गाडीच्या हाती शिल्लक कमी. घसरताना तिचे चाक दगडाला अडले किंवा मऊ मातीत रुतले, तर रस्त्याच्या घर्षणाची मर्यादा उरत नाही आणि गाडी उलटण्याचा धोका वाढतो.

शौकिनाला स्टिअरिंगवर जो फरक जाणवतो तोही इथूनच येतो. वळणात आतल्या चाकांवरचा भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. टायरवरचा भार दुप्पट झाला, तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून भार जितका जास्त सरकेल, तितकी चारही चाकांची मिळून पकड घटते.

मात्र ९११ च्या भक्तांनीही फार ताठ होऊ नये. मागे इंजिन असलेल्या मोटारीची अवस्था मागे भार पडून उलाळ झालेल्या बैलगाडीसारखी असते. वळणात चालकाने घाबरून एकदम वेग कमी केला, तर तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. ही खोड कमी करण्यासाठी कंपनीने १९६८ मध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले, आणि पुढेही अनेक वर्षे सुधारणा चालू ठेवल्या. तेव्हा ९११ सुद्धा जन्मतः निर्दोष नव्हती.

हवेशी झुंज

आता सरळ रस्त्यावर या. हवेचा रोध तीन गोष्टींवर ठरतो : गाडीचा घाट, समोरून दिसणारे तिचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. २००२ च्या सुमाराच्या ९११ चा रोधगुणांक सुमारे ०.३० आणि समोरचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या जरा आत. त्या वेळच्या कायेनचा गुणांक ०.४० च्या जवळ आणि क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास. गणित केले तर ताशी १०० किलोमीटर वेगाला ९११ वर सुमारे २७० न्यूटन आणि कायेनवर सुमारे ५०० न्यूटन रोध येतो. म्हणजे नुसती हवा बाजूला सारायला एकीला १० अश्वशक्ती पुरते, तर दुसरीला १९ लागते. वेग दुप्पट केला तर हे आकडे आठपट होतात! हे सारे पेट्रोल टाकीतूनच जायचे.

थांबण्याची किंमत

९११ चे वजन तेव्हा सुमारे १,३५० किलोग्रॅम होते आणि कायेन एसचे सुमारे २,२५०. ताशी १०० किलोमीटर वेगाला पहिलीची गतिज ऊर्जा सुमारे ५२० किलोजूल, दुसरीची ८७०. ब्रेक दाबला की ही जवळजवळ सारी ऊर्जा उष्णता बनते. पहिलीच्या उष्णतेने साधारण दीड लिटर पाण्याला उकळी येईल, तर दुसरीच्या उष्णतेने पावणेतीन लिटर पाण्याला.

आणि धडक झाली तर? समजा, ह्या दोन वजनांच्या गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोन्ही गाड्या जड गाडीच्या दिशेने ताशी १२.५ किलोमीटर वेगाने जातील. जड गाडीचा वेग ३७.५ ने बदलला, पण हलकीचा ६२.५ ने! आतल्या माणसांना बसणारा हिसका त्याच प्रमाणात. उंच, जड गाडीत बसून माणसाला सुरक्षित वाटते, ते काही अंशी खरेही असते. पण त्या सुरक्षिततेतला काही वाटा समोरच्याच्या पदरातून घेतलेला असतो.

मग कोण बरोबर?

इंजिनियर हात बांधून बसलेले नाहीत. कायेनला हवेवर चालणाऱ्या स्प्रिंगा बसवता येतात, आणि वेग वाढला की गाडी आपोआप खाली बसते. मोठे ब्रेक, रुंद टायर, जोरदार इंजिन अशा उपायांनी ही अवजड गाडी अनेक स्पोर्ट्‌स कारना लाजवेल अशी पळते. पण प्रत्येक उपायाने किंमत आणि बहुधा वजनही वाढते. निसर्गाचे नियम मोडता येत नाहीत, त्यांची भरपाई करता येते, आणि ती फुकट होत नाही. २०२४ मध्ये विजेवर चालणारी मकान आली. तिची जड बॅटरी तळाशी असते, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो. पण गाडीचे वजन मात्र दोन टनांच्या पुढे जाते. म्हणजे जुन्या तक्रारींपैकी एक कमी झाली आणि दुसरी वाढली.

उंच गाडी घेणारा मूर्ख नसतो. त्याला मुलेबाळे, सामान, बर्फाचा किंवा खडबडीत रस्ता सांभाळायचा असतो. उंच बसल्याने लांबचे दिसते हेही खरे. आणि कंपनीच बुडाली असती तर ९११ कोणी बनवली असती? ह्या मुद्द्यांना पदार्थविज्ञान उत्तर देत नाही. कोणती गाडी घ्यावी हे ते सांगत नाही. पण उंचीच्या आणि वजनाच्या प्रत्येक वाढीला किती मोल पडते आणि ते कोण भरतो, हे मात्र ते आकड्यांत सांगते. शौकिनांच्या वादात नेमका हाच हिशोब पुष्कळदा राहून जातो.

मोठे झाल्यावर तुमच्यापैकी काही जण मोटार घेतील, काही जण कदाचित मोटारी बनवतीलही. "ही गाडी सुरक्षित आहे" असे कोणी सांगितले, तर दोन प्रश्न जरूर विचारा : वळणावर किती सुरक्षित? आणि आतल्यांसाठी की समोरून सायकलवर येणाऱ्यासाठीही? तोवर काडेपेटीचा प्रयोग घरी करून पाहा. पेटी कोणत्या कोनात घसरते आणि कोणत्या कोनात कोलमडते ते कोनमापकाने मोजा, आणि आपल्या भागाकाराशी ताडून पाहा.