आधी गाव सांगा

रामकुंडाच्या पायऱ्या नवखा माणूस उतरू लागला की त्याला काय बघायचे आहे, किती वेळ आहे, असे कोणी विचारत नाही. "गाव कोणतं? आडनाव काय?" एवढेच विचारतात. गाव म्हणजे मूळ गाव. ठाण्यात तीन पिढ्या गेल्या असल्या तरी ठाणे सांगून भागत नाही. खानदेशातले, वऱ्हाडातले, तळकोकणातले जे कोणते असेल ते सांगावे लागते. ते ऐकून घाटावरचा माणूस क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "मग तुमचे उपाध्ये आम्ही नव्हे, ते पलीकडच्या गल्लीत." त्या गल्लीतल्या गुरुजींकडे रुमालात बांधलेले एक बाड सुटते, पाने उलटू लागतात, आणि ज्यांचा साधा फोटोही घरात नाही अशा खापरपणजोबांची सही समोर येते.

हे पाहून माणसाला भरून येते, आणि यायलाच हवे. मला मात्र त्यापुढचा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. हजारो गावांतल्या असंख्य कुटुंबांतून नेमके एक कुटुंब, कोणत्याही यंत्राशिवाय, चहा होईपर्यंत सापडते कसे?

उत्तर वाटणीत आहे. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या घराण्यांनी यजमान आपसांत वाटून घेतले आहेत. ही वाटणी प्रांत, गाव, जात आणि आडनाव यांवर चालते. एका घराण्याकडे अमुक भागातली गावे, दुसऱ्याकडे एखाद्या समाजाचे यजमान. त्यामुळे तुम्ही गाव सांगताच शहरातल्या बहुतेक सगळ्या वह्या बाद होतात. आडनाव सांगितले की उरलेल्या वहीतली थोडीच पाने बघायची राहतात. आजोबांचे नाव सांगितले की बोट एका ओळीवर येऊन थांबते. अवघ्या तीन प्रश्नांचे काम. शोध लावण्याची ही पद्धत ज्यांनी बसवली त्यांनी ग्रंथालयशास्त्र शिकले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरू येत राहिले आणि पद्धत आपोआप घासून नीट झाली.

या वहीला नामावळी म्हणतात. कोण आले, कोणाबरोबर आले, कशासाठी आले (सिंहस्थाला, अस्थी घेऊन, की श्राद्धाला), बाप, आजा, चुलते, मुलगे, नातू असे सगळे तिच्यात असते. शेवटी यजमानाच्या हाताची सही, आणि लिहिता येत नसेल तर निशाणी. जुन्या नोंदी मोडीत, बोरूने, हातकागदावर, काजळाच्या शाईने लिहिलेल्या आहेत. काजळ म्हणजे कार्बन. उजेडाने तो विरत नाही. म्हणून दोनशे वर्षांपूर्वीचे अक्षर काळेभोर राहते आणि तीसेक वर्षांपूर्वी बॉलपेनने केलेली सही फिकट पडू लागते. नोंदीत यजमान पुष्कळदा असेही लिहून देतो, की आमच्या वंशातले जे कोणी या क्षेत्री येतील ते याच घराला उपाध्येपण देतील. अजून न जन्मलेल्या माणसांच्या वतीने केलेला हा करार आहे. आणि तो कोणत्याही कोर्टाच्या शिक्क्याशिवाय पाळला गेला.

या कराराच्या बदल्यात यात्रेकरूला काय मिळे? मुक्काम, आणि एक सबंध दिवस. पूर्वी उपाध्यांच्या वाड्यातच उतरायचे. मग गुरुजी बरोबर येत. क्षौर, रामकुंडात स्नान, तर्पण, श्राद्ध, गोदापूजन, त्यानंतर कपालेश्वर, जिथे शंकरासमोर नंदी नाही, काळाराम, पंचवटीतले वड, सीतागुंफा, तपोवन. वाटेवर नारोशंकराच्या १७४७ सालच्या देवळाशी थांबायचे आणि वर टांगलेली घंटा दाखवायची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा ती इकडे आली असे सांगतात. तिच्यावर १७२१ हे साल आहे. शेजारी गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुती. पूर आला की नाशिककर त्याच्यावरून पाणी मोजतात: गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. हे सगळे एका कुटुंबाला, त्याच्या बोलीत, त्याच्या ऐपतीप्रमाणे आणि त्याच्या घरातल्या सुखदुःखाला धरून दाखवले जाई. फक्त तुमच्यासाठी नेमलेला, शहर जाणणारा, दिवसभर सोबत असणारा वाटाड्या ही आजच्या पर्यटनातली महागडी सोय आहे. गोदाकाठी ती काही शतके चालू आहे.

जपानमध्ये आज क्योतो, नारा, कानाझावा अशा शहरांत खासगी गाइड घेऊन दिवस काढणारे पुष्कळ आहेत, त्यांत मराठी कुटुंबेही भेटतात. तिथे परदेशी पाहुण्यांच्या गाइडसाठी १९४९ मध्ये कायदाच झाला. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय परकी भाषेत पैसे घेऊन वाट दाखवता येत नसे. ही अट २०१८ पासून सैल झाली. ही मंडळी इतिहास, देवळांचे रिवाज, रेल्वेचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक यांत तरबेज असतात. पण पाहुण्याच्या पणजोबांविषयी त्यांना काही ठाऊक नसते, आणि असावे अशी अपेक्षाही कोणी करत नाही. एके काळी मात्र जपानच्या एका गावातल्या वाटाड्यांना तेही ठाऊक असे. ते गाव म्हणजे इसे.

मिए प्रांतातल्या इसेमध्ये सूर्यदेवता आमातेरासुचे आतले देवस्थान, नाइकू, आणि अन्नदेवता तोयोउकेचे बाहेरचे देवस्थान, गेकू, अशी दोन मोठी स्थाने आहेत. रिवाज असा की आधी बाहेरचे दर्शन, मग आतले. आतल्या देवळाकडे जाताना पूल ओलांडून इसुझु नदीच्या काठी हात-तोंड धुवायचे. दर वीस वर्षांनी ही देवळे शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने, जुन्याच मापाने बांधतात. पहिल्यांदा हे ६९० साली झाले, बासष्टाव्यांदा २०१३ मध्ये, आणि आता २०३३ ची तयारी चालू आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाचे वेळापत्रक पाठ असलेल्या नाशिककराला हे ऐकून इसे परके वाटणार नाही.

या दोन देवळांच्या पायथ्याशी उजी आणि यामादा या वस्त्यांत ओशी नावाच्या पुरोहित-वाटाड्यांची शेकडो घरे होती. प्रत्येक घराकडे जपानभरच्या ठरावीक गावांतले यजमान लागलेले, आणि त्यांच्या याद्या घरात ठेवलेल्या. या यादीला संपत्तीचे मोल होते; ती वारसाने मिळे, गहाण पडे, विकलीही जाई. ओशींची माणसे दर वर्षी आपापल्या गावांना जात आणि देवाचा प्रसाद म्हणून ताईत, इसेचे पंचांग आणि लहानसहान भेटी घरोघर देत. खेडुताला पेरणीचे दिवस त्या पंचांगातून कळत. यात्रेकरू मियागावा नदीपाशी पोचले की ओशींची माणसे त्यांना घ्यायला येत. मग ओशींच्या घरी मुक्काम, घरी कधी न दिसणारे पक्वान्न, रेशमी अंथरूण, देवापुढे होणारे कागुरा नृत्य आणि दुसऱ्या दिवशी देवस्थानांची फेरी. खर्चाची तजवीजही सुंदर होती. गावातली माणसे आपल्या भिशीसारखी मंडळी करून पैसे जमवत आणि दर वर्षी चिठ्ठ्या टाकून सगळ्यांच्या वतीने दोघा-चौघांना इसेला पाठवत. ज्यांना जाणे शक्य नसे त्यांच्यातल्या काहींनी आपला कुत्रा पाठवल्याचे उल्लेख आहेत. गळ्यात पैशांची छोटी पिशवी बांधलेली, वाटेवरचे लोक त्याला खाऊ घालत, पुढच्या गावापर्यंत सोडत. हिरोशिगेच्या चित्रात तो कुत्रा आजही दिसतो.

गर्दी किती होई, याचे आकडे थक्क करणारे आहेत. १७०५ च्या महायात्रेत सुमारे पन्नास दिवसांत ३६ लाख माणसे आल्याचे विद्वान मोतोओरी नोरिनागाने लिहून ठेवले आहे. त्या वेळच्या जपानची लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास होती. यात्रेकरूंच्या हातात पैसा खेळता ठेवायला यामादात त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीच कागदी चिठ्ठ्या चलन म्हणून फिरू लागल्या होत्या. साधारण १६०० ते १६१० च्या सुमाराची ही यामादा हागाकी जपानमधले पहिले कागदी चलन समजली जाते. देशाच्या पैशाच्या इतिहासाचे एक पान यात्रेच्या गावाने लिहिले ते असे.

नाशिकने इसेचे नाव ऐकले नव्हते आणि इसेला गोदावरी माहीत नव्हती. तरीही दोन्ही ठिकाणी नदी, स्नान, घरचा मुक्काम, गावांवरून वाटलेले यजमान आणि पिढीजात यादी हे सगळे जसेच्या तसे उभे राहिले. लांबून आलेल्या माणसाला अनोळखी शहरात आधी आपला माणूस लागतो. बाकीची व्यवस्था त्या गरजेतून वाढते, असे मला वाटते.

मग १८७१ साली मेईजी सरकारने देवस्थाने राज्याच्या ताब्यात घेतली आणि ओशींची पद्धत एका हुकुमाने बंद केली. इसे आजही गजबजलेले आहे, पण येणाऱ्याला त्याचे गाव विचारणारी ती घरे गेली. नाशिकची टिकली. त्र्यंबकेश्वर, हरिद्वार, गया इथलीही टिकली.

या वह्यांची खरी किंमत कळली ती कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांच्यामुळे. पहाडी लघुचित्रांवर चित्रकारांची नावे क्वचितच असतात. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणत्या गावचा, काहीच कळत नव्हते. गोस्वामी हरिद्वारच्या पंड्यांकडे गेले आणि वह्या वाचू लागले. चित्रकारसुद्धा अस्थी घेऊन, यात्रेला म्हणून तिथे आलेले होतेच! त्या नोंदींतून त्यांनी घराणीच्या घराणी जुळवली आणि १९६८ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात ती मांडली. नैनसुख या थोर चित्रकाराची १७६३ ची नोंद त्यांना त्याच्याच हस्ताक्षरात मिळाली, सोबत त्याने काढलेल्या छोट्या चित्रासह. आपल्या आश्रयदात्याच्या अस्थी घेऊन तो आला होता. राजवाड्यांच्या दप्तरात जे नव्हते ते घाटावरच्या वहीत होते. नाशिकच्या नामावळींत असे कोण कोण बसले असेल, याचा विचार करताना मला झोप येत नाही.

नोंद ठेवण्याची नाशिकची सवय तर याहूनही जुनी आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी एक देणगी कोरून ठेवली. तीन हजार कार्षापण त्याने गोवर्धन, म्हणजे आजच्या नाशिकजवळच्या गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. त्यांतले दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे व्याज २४० झाले, आणि लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ मिळाले. हिशेब पै न्‌ पै जुळतो. लेखात पुढे असेही आहे, की हे सगळे नगराच्या सभेत जाहीर करून दप्तरी नोंदवले. सुमारे १९०० वर्षांपूर्वी या भागात नोंदणीचे दप्तर होते.

मात्र या वह्यांत सगळा महाराष्ट्र समान मानाने आलेला नाही. त्यांची रचनाच जातीवर झाली. जे शहर यात्रेकरूला "आमचे यजमान" म्हणून हात धरून देवळात नेत होते, त्याच शहरात काळारामाचे दार काहींना बंद होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या दारापुढे उभे राहिले आणि सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. नाशिक दाखवणाऱ्या प्रत्येकाने काळारामाच्या पूर्वदारी थांबून हेही सांगावे. नारोशंकराच्या घंटेइतकेच ते या शहराचे आहे. वह्यांतली दुसरी उणीव बायकांची. वंशवेल बापाकडून मुलाकडे जाते. आया, लेकी, बहिणी बहुतेक ठिकाणी दिसत नाहीत.

कागदाला कसर आहे, वाळवी आहे आणि गोदेचा पूरही आहे. २०१६ आणि २०१९ मध्ये पाणी कुठवर आले ते नाशिककर विसरलेले नाहीत. हरिद्वारच्या वह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रण अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने केले. आपल्या वह्यांचे काम आपल्या विद्यापीठांनी आणि उपाध्यांच्या घराण्यांनी मिळून करायला हवे. वह्या त्या घराण्यांच्याच राहाव्यात, चित्रण मात्र सुरक्षित जागी असावे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि त्या वेळी या बाडांवर हजारो हात पडतील.

तुम्ही त्या वर्षी आलात, किंवा त्याआधी एखाद्या साध्या मंगळवारी आलात, तर मूळ गाव आणि पणजोबांचे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या. उपाध्ये सापडले की आधी जुनी पाने शांतपणे वाचा. मोडी असेल तर गुरुजींकडून वाचून घ्या. मग आपली ओळ स्वतःच्या हाताने, ठळक, सुवाच्य देवनागरीत लिहा. तारीख पूर्ण घाला. आईचे नाव लिहा, बायकोचे लिहा, आणि मुलींची नावे मुलांच्या शेजारी, त्याच ओळीत लिहा.