आधी गज, मग दारू

शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्याची ओसरी. सतरंजीवर ठासणीची रायफल आडवी ठेवलेली आहे. शिकायला आलेली मुलगी एनसीसीतली. पॉइंट टू-टू तिच्या हातची आहे. ती बंदूक उचलते आणि सवयीने बोल्ट शोधते. इथे बोल्ट नाही. मागून उघडणारं काहीच नाही. आत जायचं ते सगळं नळीच्या तोंडातून.

"भरलेली आहे की रिकामी?" काका विचारतात.

ती वाकून डोळा नळीशी नेते, तोच काकांचा हात आडवा येतो. "डोकवायचं नाही. कधीच नाही. गजाला विचार."

ठासायचा गज आत सोडल्यावर तळाशी टण्णकन वाजतो. अंगठ्याने खूण धरून ती तो बाहेर काढते आणि नळीलगत धरून बघते. टोक ठिणगी देणाऱ्या टोपीच्या जागेपर्यंत पोचतं, म्हणजे नळी रिकामी. माळ्यावर सापडलेली पणजोबांची बंदूक कौतुकाने हाताळणाऱ्या प्रत्येकाने आधी हे शिकायला हवं. अशा बंदुकीत जुना बार तसाच असू शकतो.

भर वस्तीत दारू आणायची नाही, म्हणून दारूच्या शिंगात नाचणी आहे. खऱ्या काळ्या दारूत शंभर भागांत ७५ सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. मुलगी शिंगातून थेट नळीत ओतायला जाते.

"आधी मापात. नळीत मागच्या बाराची ठिणगी राहिली असेल, तर अख्खं शिंग हातात पेटेल."

मग नळीच्या तोंडावर मेण-तूप लावलेला मांजरपाटाचा तुकडा, त्यावर शिशाची गोळी. नळीच्या आतले पिळदार आटे गोळीला गिरकी देतात, त्यानेच नेम साधतो; पण त्यासाठी गोळी घट्ट बसावी लागते. ती गज वर धरून जोर लावते, तो वाकतो. काका तिची मूठ खाली सरकवतात. वीतभर, पुन्हा वीतभर. गोळी दारूला टेकलीच पाहिजे; मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. भरलेल्या नळीची म्हणून गजावर पेन्सिलची खूण होते.

पानिपतावर, १७६१ साली, इब्राहिमखानाच्या गारद्यांनी समोरून शत्रू येत असताना हे असंच तोंडातून भरलं. त्यांच्या नळ्यांना आटे नव्हते, गोळी सैल जायची, म्हणून हात भराभर चालत. त्या काळी कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. आपल्या कथा-कादंबऱ्यांत बार उडतात, भरले मात्र क्वचितच जातात. मला याची मनापासून खंत वाटते. शिपायाची सगळी कसोटी त्या भरण्यात होती.

"टोपी शेवटी," काका सांगतात. "निशाणासमोर उभी राहिल्यावरच."

"टोपी फुटली आणि बार उडालाच नाही तर?"

"तोंड निशाणाकडेच ठेवून मिनिटभर थांबायचं. दारू उशिरानेही पेटते."

आता पेचाचा गज गोळीत फिरवून ती ओढून काढतात. कागदावर नाचणी सांडते.

"आणि खरा बार काढल्यावर?"

"त्याच दिवशी साबण आणि गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करून तेल द्यायचं. जळक्या दारूची राख ओल धरते. पावसाळ्यात रात्रभरात गंज चढेल."

मुलगी माप पुन्हा हातात घेते, थबकते, ते खाली ठेवून गज उचलते. काका मान डोलावतात. "भर आता. मी बोलणार नाही."