बिळांतली गुणसूत्रे : आकडा आणि भुजा

बिळात राहणाऱ्या कृंतकांच्या गुणसूत्रांचा विषय निघाला की लोक आधी आकडे सांगतात. दक्षिण अमेरिकेतल्या तुकोतुकोंच्या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) 10 पासून 70 पर्यंत गुणसूत्रे आढळतात, हे वाक्य प्रत्येक आढाव्यात असते. मीही ते लिहून पुढे जातो. इस्रायलमधल्या आंधळ्या स्पॅलॅक्सची कथाही सर्वांना पाठ आहे. 1969 मध्ये वाहरमन, गोइटाइन आणि नेवो यांनी 52, 54, 58 आणि 60 गुणसूत्रांचे चार गट दाखवले आणि 2001 मध्ये त्यांना चार स्वतंत्र जाती म्हणून नावे मिळाली. दक्षिणेकडे प्रदेश कोरडा होत जातो तसा आकडा चढतो, या मांडणीवर एक पिढी पोसली. माझा तिला जुना विरोध आहे. हवामानाशी आकडा जुळला म्हणजे हवामानानेच तो घडवला, असे होत नाही.

दुसरा पंथ म्हणतो, बीळ खणणे हेच या विविधतेचे मूळ. मग आपल्या घुशींचे काय? शेताच्या बांधात लांबलचक बिळे करून धान्याची कोठारे भरणारी बँडिकोटा बेंगालेन्सिस, गावातली मोठी घूस बँडिकोटा इंडिका आणि त्यांची भाऊबंद नेसोकिया, तिघींची गुणसूत्रे 42. खणण्यात त्या कुणाला हार जाणाऱ्या नाहीत, तरी तिघींचा आकडा एकच. खरा प्रश्न वस्ती किती तुटक आणि किती लहान, हा आहे. चार-दोन कुटुंबांच्या वस्तीत आपसांतच वीण होत राहिली की एखादा बदल योगायोगानेही कायमचा रुजतो.

यासाठी मी आयुष्यभर एलोबियसचे नाव घेत आलो. मध्य आशियातला हा प्राणी दातांनी माती फोडतो, दातांमागे ओठ मिटून घेतो, म्हणून तोंडात कण जात नाही. त्याच्या एका जातीत नर-मादी दोघांतही 17 गुणसूत्रे आहेत आणि वाय गुणसूत्र मुळात नाहीच. माते नावाच्या संशोधकाने 1953 मध्ये हा विषम आकडा जाहीर केला. पण माझा जीव जडला तो एलोबियस टँक्रेईवर. पामिर-अलायच्या खोऱ्यांत त्याची गुणसूत्रे 54 वरून 30 पर्यंत उतरतात. मॉस्कोच्या वोरोन्त्सोव आणि ल्यापुनोवा यांनी हे प्राणी डोंगरातून गोळा केले. आकडा 54 असो की 30, गुणसूत्रबिंदूपासून निघणाऱ्या भुजा मोजल्या तर 56च! म्हणजे काही हरवले नाही. एकेकटी गुणसूत्रे जोडली गेली.

आता बारकावा पाहा. एका वस्तीत दोन नंबरची भुजा अकराशी जोडलेली, दुसरीत तीच दोन नंबर अठराशी. दोन्हीकडचे प्राणी दिसायला सारखेच. त्यांचा संकर झाला की अर्धसूत्री विभाजनात दोन नंबरच्या भुजा एकमेकींना भेटतात, अकरा आणि अठरा आपापले जोडीदार ओढून आणतात आणि चांगली लांब साखळी तयार होते. ती सुटताना वाटणी चुकते, प्रजनन मंदावते. साध्या जोडणीचा संकर तीन गुणसूत्रांच्या जुळणीवर निभावून जातो, हा मात्र अडतो. जाती फुटण्याची वाट इथे दिसते, आणि आकडा ती दाखवत नाही. कोणती भुजा कुठे जुळली, तेच विचारावे लागते.

आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात टी. शर्मा यांच्या गटाने शेतातल्या चिमुकल्या मस टेरिकलरवर हेच दाखवले. तीन प्रकार, तिन्हींत 40. फरक काही गुणसूत्रांच्या हेटरोक्रोमॅटिनच्या, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या डीएनएच्या, आखूड भुजांत. नुसती मोजणी करणाऱ्याला तिन्ही एकच वाटले असते.

गुणसूत्रे काचेवर पाहण्याची ही विद्या हातातून चालली आहे, याचे मला फार वाईट वाटते. कोल्चिसिन टोचायचे, मांडीच्या हाडातला मगज पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवायचा, मिथेनॉल-ॲसेटिक आम्लात स्थिर करायचा, थेंब काचेवर सोडून गिम्साने रंगवायचा. थेंब पसरला नाही तर दिवस वाया. आता प्राणी सापडला की ऊतकाचा तुकडा थेट अल्कोहोलच्या कुपीत जातो. डीएनए टिकतो, पण पेशी मेलेली. तिच्यातून गुणसूत्रांची काचपट्टी बनत नाही. क्रमवाचन हवेच. मात्र त्यानंतर गुणसूत्रे पाहायची गरज उरली नाही, हे म्हणणे मला मान्य नाही.

त्यासाठी प्राण्याचा जीव घ्यावाच लागतो असेही नाही. सिंहगडावरचा कोंडाणा उंदीर, मिलार्डिया कोंडाणा, 1975 मध्ये नवी जाती म्हणून नोंदला गेला. संकटग्रस्त प्राणी, त्याला मारू नये. कानाचा इवलासा तुकडा अल्कोहोलऐवजी पोषक द्रवात ठेवला तर पेशी वाढवता येतात, काचपट्टी होते आणि उंदीर पुन्हा आपल्या बिळात जातो. पुण्याच्या तरुणांनी एवढे करावे. रंगवण्याची कृती शिकवायला मी तयार आहे.