पंपातलं औषध जातं तरी कुठं?

पाम, कुंभवली, कोलवडे ही तारापूर एमआयडीसीच्या शेजारची गावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशातलं सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं. अशा हवेत दमेकऱ्याच्या खिशात पंप, म्हणजे इनहेलर, हवाच.

पण पंप दाबला म्हणजे सगळं औषध फुप्फुसात पोचलं, असं होत नाही.

ते कुठं जातं, हे शोधण्यासाठी औषधाच्या तुषारांत टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य मिसळतात. त्याचं अर्धायुष्य जेमतेम 6 तास. श्वास ओढला की किती घशात अडकलं आणि किती खोल उतरलं, हे गॅमा कॅमेरा दाखवतो. फुप्फुसांच्या अशा चित्रणासाठी ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं खास नेब्युलायझरही तयार केला.

पुढचं गणित संगणकाचं. शरीररचनाशास्त्रज्ञ एवाल्ड वायबेल यांनी 1963 मध्ये श्वासमार्गाला 23 वेळा फाटे फुटतात, असा आराखडा मांडला. आता सीटी स्कॅनवरून रुग्णाच्याच श्वासनलिकांची त्रिमितीय प्रतिकृती बनते आणि कोणता कण कुठं आदळेल, ते पडद्यावर दिसतं. साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे कण खोलवर जातात. मोठे कण घशाच्या वळणावरच थडकतात. वेग वाढला की थडक वाढते.

म्हणूनच फवाऱ्याचा पंप सावकाश ओढून साधारण 10 सेकंद श्वास रोखायला सांगतात. पावडरीचा मात्र जोरात ओढायचा!